अडकलेला एक्सल: घण नको, पुलर घ्या

१९८३च्या मारुती ८०० पासून आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. चंडीगडच्या पावसाळ्यात पाणी शिरतं, एक्सलच्या खाचा हबमध्ये गंजून बसतात.

गाडी जमिनीवर असतानाच लॉक काढून मधला नट सैल करा. मग जॅक लावून खाली भक्कम स्टँड ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणं जिवावर बेततं. गंज सोडवणारं तेल मुरू द्या. टोकावर घण घातला तर आटे चेपतात, बेअरिंगही जातं, पुलरनेच दाबा. खालचा बॉल जॉइंट सोडवा. गिअर ऑइल काढून आतला सांधा पहारीने उचका. शाफ्ट ओढलात तर सांधाच निखळेल.

नवा शाफ्ट ‘टक्’ करून बसला पाहिजे. सील आणि नट नवेच घाला, नट टॉर्क रेंचने कंपनीच्या मापाइतका कसा, ऑइल भरायला विसरू नका.