तबकडीवरचा कवी

एखाद्या गायकाच्या ध्वनिमुद्रिकांचा समग्र आढावा घेतला जातो, तेव्हा मथळ्यावर गायकाचे नाव असते, मांडणी संगीतकारांच्या क्रमाने होते आणि कवी ओघात कुठेतरी येऊन जातो. चित्रपटसंगीताला ही पद्धत एक वेळ चालेल. भावगीताला ती न्याय देत नाही. कारण तेथे बहुधा कविता आधी असते आणि चाल मागाहून येते. वऱ्हाडच्या वाचकाला तर हे अधिकच जाणवावे.

मराठी भावगीताची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून जिचा उल्लेख होतो, ती ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’. कवी मेहकरचे वकील, गायक जी. एन. जोशी हेही वकिलीची पदवी घेतलेले. ही तबकडी १९३०च्या दशकाच्या आरंभीची आणि ‘शीळ’ हा संग्रह १९५४चा. म्हणजे सुमारे दोन तपे ही कविता संग्रहावाचून, कानांवरच जगली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ मिळे. त्यात न बसणारी कडवी वगळण्याची रीतच पडली, आणि श्रोत्यांनी उरलेल्यालाच संपूर्ण कविता मानले.

अमरावतीत १९३२ साली जन्मलेल्या सुरेश भटांची अवस्था याहून गुंतागुंतीची आहे. ‘घरकुल’ (१९७०) मधील त्यांचे गीत सी. रामचंद्रांच्या यादीत जाते, ‘सिंहासन’ (१९७९) मधील आशा भोसले यांच्या, तर ‘उंबरठा’ (१९८२) मधील गझल लता मंगेशकर व हृदयनाथ मंगेशकर यांच्या. हीच गीते भटांच्या नावाखाली ओळीने ठेवली, की हळव्या शृंगारापासून धगधगत्या संतापापर्यंतचा पल्ला एका दृष्टिक्षेपात दिसतो. अर्थात ध्वनिमुद्रणाचे वर्ष हे रचनेचे वर्ष नव्हे. ‘रूपगंधा’ (१९६१), ‘रंग माझा वेगळा’ (१९७४) आणि ‘एल्गार’ (१९८३) हे संग्रह शेजारी ठेवल्यावाचून अशी सूची दिशाभूल करील.

गझलेत आणखी एक पेच असतो. प्रत्येक शेर स्वयंपूर्ण असल्याने चार शेर गाळले तरी व्याकरण मोडत नाही, ऐकणाऱ्याला खटकतही नाही. पण गझलेचा रोख पालटू शकतो. म्हणून कोणते शेर गायले गेले आणि कोणते गळले, याची नोंद सूचीकाराने करायलाच हवी. आढावे लिहिणारे मात्र आवाजाच्या मुलायमपणावर चार परिच्छेद खर्च करतात आणि या नोंदीला एक ओळही देत नाहीत!

हरमंदिरसिंह ‘हमराज’ यांनी कानपूरहून ‘हिंदी फिल्म गीत कोश’ सिद्ध केला. मुंबईत १९९०मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. तेव्हा हे काम अशक्य कोटीतले नाही. अकोला-अमरावतीच्या महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांना ते एखाद्या उन्हाळी सुटीत आरंभता येईल. जुन्या तबकडीवर लेबलालगतच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक भिंगाने वाचता येतो. लेबल फाटले तरी तो टिकून असतो.

कॅसेटच्या बाबतीत ही सोय नाही. आष्टगावच्या भीमराव पांचाळे यांच्या पिढीची गझल घरोघर पोचली ती बऱ्याच अंशी कॅसेटांवरून. तिच्यावरचे अक्षर पुसले आणि डबीतला कागद हरवला, की कवीचे नाव त्याबरोबरच गेले.