वंश आणि वाण (लेखांक ९) : बिल्ला नसलेला मासा

संकर हा शब्द अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकाला गोठ्यातून परिचित आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, जर्सी आणि होल्स्टीन फ्रिजियन या तीन वंशांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय घडवली, आणि तिच्यात होल्स्टीनचा वाटा ५० टक्के, जर्सीचा २५ टक्के व गीरचा २५ टक्के आहे हे आरंभापासून लिहून ठेवलेले असल्यामुळे ती संकरित असूनही तिच्या कुळाबद्दल कोणाचा गैरसमज होत नाही. घरातील काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्यात पाळल्या जाणाऱ्या क्लाऊनफिशच्या, म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या लहान सागरी माशाच्या, बाबतीत मात्र संकर विपुल झाला आणि नोंद मागे राहिली.

हा संकर इतक्या सहजपणे का होतो, याचे उत्तर माशाच्या जीवनक्रमात आहे. क्लाऊनफिशच्या सुमारे तीस जाती असून त्या समुद्रपुष्पाच्या, म्हणजे दंश करणाऱ्या शुंडकांच्या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या, आश्रयाने राहतात. त्यांचे प्रत्येक पिल्लू वाढताना आधी नर होते. गटातील सर्वांत मोठा मासा मादी बनतो, त्याच्या खालचा प्रजननक्षम नर राहतो, आणि मादी मेली की तो नरच मादीत रूपांतरित होतो. त्यामुळे कोणतीही दोन लहान पिल्ले एका टाकीत सोडली तरी कालांतराने त्यांची जोडी जमू शकते, आणि जवळच्या दोन जातींची पिल्ले असली तरी हा क्रम अडत नाही. समुद्रात अंतर आणि अधिवास त्यांना वेगळे ठेवतात. टाकीत ते काम पाळणाऱ्याच्या हाती असते.

सर्वाधिक घोळ ओसेलारिस आणि पर्क्युला या दोन जातींचा होतो. अंदमान समुद्रापासून आग्नेय आशियापर्यंत आणि वायव्य ऑस्ट्रेलियापर्यंत आढळणाऱ्या ओसेलारिसच्या पाठीवरील परात बहुधा ११ काटे असतात, तर क्वीन्सलँड, पापुआ न्यू गिनी व सॉलोमन बेटांकडील पर्क्युलाच्या परात बहुधा १०. पर्क्युलाच्या पट्ट्यांची काळी किनारही सहसा जाड असते. तथापि २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटानंतर दुकानात दोघांचेही नाव ‘निमो’ झाले. त्यांची संकरित प्रजा पुढे प्रजननक्षम असते, आणि ती पुन्हा एका मूळ जातीशी जुळवली की दोनतीन पिढ्यांत तिचे रूप त्या जातीसारखे दिसू लागते. मग काटे मोजून काही कळत नाही, कारण मूळ जातींतच ही संख्या थोडी कमीजास्त असते.

येथे वाण आणि संकर यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. एकाच जातीत उपजलेली वेगळी नक्षी निवडीने टिकवली, तर तो वाण होय. पर्क्युलातील ‘पिकासो’ आणि ओसेलारिसमधील ‘स्नोफ्लेक’ ही त्याची उदाहरणे आहेत, आणि त्यांना सरसकट संकरित म्हणणे अन्यायाचे आहे. ऑस्ट्रेलियातील डार्विन परिसराचा काळा ओसेलारिस नारिंगी ओसेलारिसशी जुळवून मिळणारा तपकिरी ‘मोका’ या दोहोंच्या सीमेवर उभा आहे, कारण जात एक असली तरी समुद्रात या दोन वस्त्या परस्परांपासून दूर आहेत. वाणांचा स्वतंत्र दोष असा, की मोजक्या पालकांपासून पिढ्यान्‌पिढ्या प्रजा घेतल्याने आनुवंशिक विविधता आकुंचित होते.

संकर हा निसर्गातही घडतो. डोक्यावर पांढरी टोपी असल्यासारखा दिसणारा ल्यूकोक्रॅनॉस हा मासा १९७३ साली स्वतंत्र जात म्हणून वर्णिला गेला. पुढे जनुकीय अभ्यासातून तो क्रायसॉप्टेरस आणि सँडॅरॅसिनॉस या दोन जातींचा संकर असल्याचे दिसून आले. त्यातील माता बहुतेक वेळा क्रायसॉप्टेरसच असते, कारण ती जात आकाराने मोठी आणि क्लाऊनफिशमध्ये मोठा तोच मादी. म्हणून संकराला अनैसर्गिक ठरवून निषिद्ध मानणे शास्त्राला धरून नाही, आणि नगरच्या टाकीतल्या संकराने समुद्राला थेट धोका पोचतो असेही म्हणता येत नाही.

हानी होते ती पाळीव साठ्याची. त्रिवेणी पुन्हा घडवायची झाली तर शुद्ध गीर कोठेतरी शिल्लक असावी लागते; अकोले तालुक्याच्या धो धो पावसात तेलकट कातडीमुळे टिकून राहणाऱ्या डांगी जनावरांचे प्रदर्शन राजूरला भरते, तेही मूळ वंश ओळखता यावा यासाठी मोलाचे आहे. क्लाऊनफिशच्या बाबतीत असे शुद्ध साठे राखणे म्हणजे समुद्रातून पकड कमी करण्याचा मार्ग खुला ठेवणे होय. ऐरोली येथे मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या साहाय्याने सागरी शोभिवंत माशांच्या प्रजननाचे केंद्र उभारले, त्याचे महत्त्व या दृष्टीने मोठे आहे. परंतु तेथून किंवा अन्य कोठूनही आलेली जातिवंत पिल्ले घरच्या टाकीत दुसऱ्या जातीशी जुळली आणि त्यांची प्रजा ‘निमो’ म्हणून पुढच्या हाती गेली, तर त्या वंशाची साखळी त्याच टाकीत तुटते.

गाईच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो, माशाला तो लावता येत नाही. त्याची ओळख केवळ पाळणाऱ्याच्या वहीत राहते. जिल्ह्यातील मरीन टाकीच्या शौकिनांनी पिल्ले घेताना आईबापांची जात, वाण आणि मूळ ठिकाण विचारून लिहून ठेवावे, ठाऊक नसेल तेथे ‘अज्ञात’ असे लिहावे, आणि मिश्र जोडीची पिल्ले दुसऱ्याला देताना दोन्ही पालकांची नावे चिठ्ठीवर लिहून द्यावीत.