अबोल्याचा मार

चिनी लिपीत ‘श्याव’ हा शब्द एका अक्षरात मावतो: वर म्हातारा, खाली मूल. मुलाने म्हाताऱ्याला पाठीवर घेतले आहे, अशी त्याची फोड पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ‘मातृपितृभक्ती’ हा मराठी शब्द जवळचा, तरी अपुरा. श्यावमध्ये सेवेइतकाच मान येतो. पोटाला घालणे जनावरांच्याही वाट्याला येते, माणसाच्या बाबतीत फरक पडतो तो आदराने, हा कन्फ्यूशियसचा आग्रह होता.

परदेशी गेलेल्या चिनी घरांतला वृद्धांचा छळ या शब्दापासूनच समजून घ्यावा लागतो. सरकारी व्याख्या मारहाण, पैशांची लुबाडणूक, हेळसांड असे प्रकार मोजतात. सँड्रा टॅम आणि शीला नीस्मिथ यांनी कॅनडात चिनी वृद्धांच्या घरी सेवेला जाणाऱ्या कामगारांशी बोलून 2006 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्या कामगारांनी बोट ठेवले ते अनादरावर. एका छपराखाली राहून आईशी कोणी बोलत नाही, ताट वाढले जाते पण हाक मारली जात नाही. अंगावर वळ नाही, म्हणून तक्रारीच्या अर्जात लिहायला काही नाही. या जखमेला छळ न म्हणणारी व्याख्याच तोकडी आहे.

त्यात कागदाचा जाच. नातवंडे सांभाळायला आईवडिलांना बोलावले जाते. नातवंडे शाळेत जाऊ लागली की आजी-आजोबांची गरज ओसरते. कॅनडात आईवडिलांना कायमचे आणताना मुलाला त्यांच्या खर्चाची हमी लिहून द्यावी लागते. या हमीची मुदत 2014 पासून क्वेबेक वगळता 20 वर्षे झाली, आधी 10 होती. म्हाताऱ्यांनी सरकारी मदत घेतली, तर ती रक्कम मुलाकडून वसूल होऊ शकते. मग तक्रार करायची म्हणजे पोटच्या पोरालाच खड्ड्यात घालायचे. मुलाने हात वर केले एवढ्यावरून मिळालेला कायम वास्तव्याचा हक्क जात नाही. पण इंग्रजी न येणाऱ्या आजीला हे सांगणार कोण? बहुधा दुभाषा तोच मुलगा असतो. घरातली बदनामी वेशीबाहेर नेऊ नये अशी चिनी म्हण आहे. आपल्याकडची झाकली मूठ ती हीच.

ही मूठ थोडी उघडली शिकागोत. डॉ. शिनची दोंग यांच्या ‘पाइन’ पाहणीत 2011 ते 2013 दरम्यान 60 वर्षांवरील 3,159 चिनी वृद्धांच्या मुलाखती झाल्या. मँडरिन, कँटोनीज, तैशानीज, तेओच्यू, ज्याची जी बोली तिच्यात. तैशानीज घेतली हे फार मोलाचे: अमेरिकेत गेलेल्या जुन्या पिढीतले बहुसंख्य ही बोली बोलणाऱ्या परगण्याचे. छळाचे प्रमाण व्याख्या किती सैल वा घट्ट धरावी यावर 13.9 पासून 25.8 टक्क्यांपर्यंत निघाले. म्हणजे प्रश्न कसा विचारला, यावर जवळपास दुपटीचा फरक.

त्याआधीच्या गटचर्चांतही तिथल्या वृद्धांनी मानसिक छळ सर्वांत गंभीर मानला होता. मदतीसाठी कुठे जाल, या प्रश्नावर त्यांना एकच दार ठाऊक होते: वस्तीतले सेवा केंद्र, जिथे आपल्या बोलीत बोलणारे कोणी भेटते.