कागद धावतो, पैसा रांगतो

भोसरीच्या लहान कारखान्यात सुटे भाग तयार होतात आणि चाकणच्या मोठ्या कारखान्याकडे रवाना होतात. एकेकाळी या व्यवहारामागे मागणीपत्र, चलन, बीजक आणि पोच अशी कागदांची वरातच निघे. एका कचेरीत टंकलेले आकडे दुसऱ्या कचेरीतील कारकून पुन्हा उतरवून घेई, आणि एका आकड्याची चूक महिनाभराचा पत्रव्यवहार ओढवून घेई. आता हे दस्तऐवज एका संगणकातून दुसऱ्यात थेट जातात.

या पद्धतीचे मूळ १९४८-४९ च्या बर्लिन हवाई पुरवठ्यात दाखविले जाते. नाकेबंदीत सापडलेल्या शहरासाठी येणाऱ्या मालाची नाना तऱ्हेची कागदपत्रे तेव्हा एका ठरावीक नमुन्यात बसवावी लागली. यंत्रापेक्षा एकमत महत्त्वाचे, हा त्यातील धडा. १९८७ साली मान्य झालेला संयुक्त राष्ट्रांचा ‘एडिफॅक्ट’ नमुना याच वाटेवरचा.

भारतात हे एकमत घडवून आणले ते कराने. वस्तू व सेवा कराखाली ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना व्यापारी बीजकाची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली; ऑगस्ट २०२३ पर्यंत ही मर्यादा ५ कोटींवर आली. बीजक क्षणार्धात नोंदले जाते. प्रश्न आहे तो पैशाचा.

२००६ च्या कायद्यानुसार लहान उद्योगाचे देणे फार तर ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. परंतु ज्याच्या मागणीवर कारखान्याची धुराडी पेटतात, त्याच्याकडे व्याज मागण्याची छाती कोणाची? ‘ट्रेड्स’ या व्यवस्थेत बीजकावर आगाऊ पैसा मिळतो खरा. पण खरेदीदाराने ते बीजक मान्य केले तरच. किल्ली पुन्हा बलवानाच्याच हाती!

बीजक निघाल्याची तारीख शासनाकडे नोंदली जाते. माल स्वीकारल्याची आणि पैसे चुकते केल्याची तारीख त्याच बीजकावर नोंदणे सक्तीचे केले, तर विलंब आपोआप उघडा पडेल आणि दुर्बळाला तक्रारीसाठी तोंड उघडावे लागणार नाही. कर वसूल करण्यासाठी जी तत्परता दाखविली गेली, तीच श्रमाचे मोल मिळवून देण्यासाठी का दाखवू नये?