पीपीएफचं खातं वर्ग होताना

पीपीएफचं खातं पोस्टातून बँकेत वर्ग करायचा अर्ज दिला, की जुन्या कार्यालयात कागदांचा एक संच तयार होतो. त्यात खातं उघडतानाचा अर्ज, नमुना सही, नॉमिनेशन, खात्याच्या नोंदींची प्रमाणित प्रत आणि शिल्लक रकमेचा चेक किंवा डिमांड ड्राफ्ट असतो. नियमाप्रमाणे खातं जुनंच, फक्त पत्ता नवा. पंधरा वर्षांची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. म्हणून माझ्या मते या संचात ड्राफ्टहून नोंदींची प्रत मोलाची. ड्राफ्ट अडकला तर लगेच कळतं. खातं उघडल्याची तारीख चुकीची चढली, तर ते कळतं थेट मुदत संपताना. चालू वर्षाचा भरणा चढवायचा राहिला, तर दीड लाखाची मर्यादा नकळत ओलांडली जाते आणि जादा रकमेवर व्याजही नाही, करसवलतही नाही.

या खटाटोपाला कंटाळून कोणी नव्या गावी दुसरंच खातं उघडलं, तर तेही नियमबाह्य. १ ऑक्टोबर २०२४पासून अशा दुसऱ्या खात्यातली रक्कम मर्यादेत बसेल तेवढी मुख्य खात्यात मिळवतात आणि उरलेली बिनव्याजी परत करतात. शिक्षा खातेदाराला, पण त्याला आडवाटेला लावणारी व्यवस्था तशीच. सही आणि ओळख तपासल्याशिवाय खातं सोडलं तर फसवणूक होईल, असं यावर म्हटलं जातं. तपासणी हवीच, तिला कोणाची हरकत नाही. पण तपासणीसाठी रकमेचा ड्राफ्ट का फिरावा? पोस्ट काय, बँक काय, दोघंही या योजनेत केंद्र सरकारच्या वतीने पैसे घेतात. वर्ग होण्याआधी आणि नंतर देणेकरी सरकारच असतं. दोघांच्या संगणक यंत्रणा वेगळ्या, ही अडचण खरी आहे. मात्र भविष्य निर्वाह निधी संघटनेने २०१४पासून कामगाराला एकच यूएएन (सार्वत्रिक खाते क्रमांक) दिला आणि नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. हजारो मालकांच्या हिशेबांवर जे जमलं, ते मोजक्या बँका आणि पोस्ट यांच्यात जमू नये, हे पटत नाही. पीपीएफचा क्रमांकही शाखेचा नसून खातेदाराचा असायला हवा.

तोवर नव्या पासबुकात खातं उघडल्याची तारीख, दरवर्षीचा भरणा आणि चालू वर्षाची रक्कम जुन्या पासबुकाशी ताडून पाहावी. त्यासाठी जुन्याची झेरॉक्स अर्ज देण्याआधीच काढून ठेवावी. वर्षाचा भरणा एकदम करणाऱ्याने तो ५ एप्रिलच्या आत करून मगच अर्ज द्यावा. व्याज धरतात ते ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर, त्यामुळे दीड लाख ६ तारखेला भरले तर ७.१ टक्के दराने सुमारे ८८७ रुपये हातचे जातात.