आमच्या घरचा मेंढीकोट

पत्ते हा काही वार्षिक अंकात लिहिण्याजोगा विषय आहे का, असे मैत्रिणींनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. पत्त्यांच्या नादाने माणसे बसली, जमिनी गेल्या, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. पण मी लिहिणार आहे ते पैशाच्या डावाविषयी नव्हे. कोजागरीच्या रात्री दूध आटेपर्यंत किंवा उन्हाळ्यात दुपारी ऊन उतरेपर्यंत घरोघर जो मेंढीकोट खेळतात, त्याविषयी आहे. वसतिगृहात आल्यावर पहिल्याच महिन्यात या खेळावरून माझे भांडण झाले. आपण ज्यांना खेळाचे नियम समजत होतो, त्यांतले काही केवळ आपल्या घराचे नियम होते, हे मला त्या दिवशी कळले.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी मूळ खेळ सांगते. खेळणारे चार, समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू. पाने ५२, प्रत्येकाला १३. वाटताना आधी पाच, मग चार, मग पुन्हा चार. एक्का सर्वांत मोठा. त्याखाली राजा, राणी, गुलाम, दश्शी असे करीत दुर्रीपर्यंत यायचे. ज्याची उतारी झाली असेल, म्हणजे इस्पिक, बदाम, किलवर की चौकट, त्याचेच पान हातात असेल तर टाकावे लागते. चौघांनी पान टाकले की एक हात झाला. ज्याचे पान मोठे त्याचा हात, आणि पुढची उतारीही त्याचीच. उतारीचे पान नसेल तर हुकमाने मारता येते. हुकमाच्या दुर्रीपुढे दुसरा एक्काही पडतो.

हुकूम ठरविण्याच्या दोन रीती आहेत. कट हुकमात पहिल्यांदा ज्याच्याकडे उतारीचे पान नसेल, तो जे पान टाकील तोच हुकूम. बंद हुकमात एक जण आपले एक पान पालथे दाबून ठेवतो. पुढे कुणाला उतारीचे पान नसले की तो हुकूम उघडायला सांगतो. आमच्याकडे बंद हुकूमच खेळतात, आणि उघडायला सांगणाऱ्याकडे हुकूम असेल तर त्याने तोच टाकायचा, अशी अट आहे.

आता खऱ्या मानकऱ्यांकडे येते. ते म्हणजे चार दश्श्या. यांनाच मेंढ्या म्हणतात. तीन किंवा चार मेंढ्या ज्या बाजूला गेल्या ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त ते जिंकले. एकूण हात १३, म्हणजे विषम; त्यामुळे सात-सहा तरी होतेच आणि बरोबरी होत नाही. चारही मेंढ्या एका बाजूला गेल्या तर दुसऱ्या बाजूवर कोट झाला. तेराच्या तेरा हात गेले तर तो बावन्न पानी कोट, आणि ती नामुष्की वर्षभर ऐकून घ्यावी लागते.

प्रत्येक खेळाचे मानाचे पान निराळे असते. तीन-दोन-पाचमध्ये तिघेच खेळतात आणि पाने ३० लागतात. म्हणून अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची २८ पाने घेऊन त्यांत दोन सत्त्या मिसळतात, इस्पिकची आणि बदामाची. केरळात ‘अठ्ठावीस’ नावाचा खेळ आहे, त्यात गुलाम एक्क्याच्याही वर चढून बसतो. मेंढीकोटात मात्र दश्शीला मान आहे, पण बळ नाही. डाव तिच्यावर ठरतो, आणि तिला मारणारी चार पाने तिच्या घरातच आहेत. आजी म्हणते, “मेंढी काय लढत नाही, ती राखावी लागते.” एकट्याने ती राखता येत नाही. भिडूचा एक्का पडला की त्यावर आपली दश्शी सोडायची. म्हणजे भिडूच्या हातात काय आहे, हे न विचारता ओळखायचे. या खेळाचे सगळे मर्म एवढेच आहे.

आता आमच्या घरचे नियम सांगते.

पहिला नियम जोकरचा. आमच्या जोडातली चौकटची तिर्री धाकट्या भावाच्या खेळण्यात बंबात गेली. नवा जोड आणण्याऐवजी आजीने जोकरलाच तिर्री ठरविले. पण जोकर म्हटल्यावर त्याने काहीतरी करायला हवे, असा आम्हा मुलांचा हट्ट. तेव्हा आजीने निवाडा दिला की जोकरने हात जिंकला तर तो एक हात दोन हातांच्या बरोबरीचा. तिर्रीने हात जिंकणे सोपे नाही. दुसऱ्या कुणाकडे चौकट उरलेली नाही आणि हुकूमही संपले आहेत, अशी वेळ साधावी लागते. वसतिगृहात हे सांगितल्यावर एक मैत्रीण लगेच म्हणाली, “मग हात चौदा झाले. सात-सात झाले तर काय करता?” मी गप्प झाले. इतकी वर्षे खेळून हे माझ्या ध्यानात आले नव्हते. सुट्टीत आजीला विचारले, तर तिने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, “डाव मोडला. ज्यानं वाटला त्यानंच परत पिसायचं.” आजीला अक्षरओळख नाही. पानावरचे ठिपके मोजून ती पान ओळखते. पण कुठली पाने गेली आणि कुठली राहिली, यात मी तिची चूक कधी पाहिलेली नाही.

दुसरा नियम मुक्याचा, आणि वसतिगृहातले माझे भांडण याच्यावरूनच झाले. खाणाखुणा करू नयेत हे सगळीकडेच आहे. त्याबद्दल फार तर कुणी रागावते. आमच्याकडे ज्या हातात भिडू भिडूशी बोलला, तो हात सरळ दुसऱ्या बाजूचा. समोरच्या मुलीने भिडूला “हुकूम माग ना” म्हटल्याबरोबर मी तो हात ओढून घेतला. “असा कुठे नियम असतो का?” म्हणून तिघीही माझ्यावर उठल्या. मी हट्टाने डाव टाकून उठले.

सुट्टीत आजीला याचेही मूळ विचारले. तिने सांगितले की पूर्वी घरात असा नियम नव्हता. वडिलांची आणि तात्यांची, म्हणजे माझ्या काकांची, वाटणी झाली, बांधावरून तंटा झाला आणि दोघांचे बोलणे बंद झाले. एका अंगणात दोन चुली झाल्या. त्या वर्षी कोजागरीला आजीने जोड काढला आणि दोघांना समोरासमोर बसविले, भिडू म्हणून. म्हणाली, “बोलायचं नाहीच आहे. जो बोलेल त्याचा हात गेला.” बोलत नसलेल्या दोन भावांना एकत्र बसविण्याची तिला सापडलेली ती वाट होती. मी तेव्हा लहान होते. मला तो खेळाचाच नियम वाटला.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आजी आणि मी एका बाजूला, वडील आणि तात्या दुसऱ्या बाजूला, असे बसलो होतो. आजीने बदामाची अठ्ठी उतरली. तात्यांनी एक्का टाकला, मी छक्की टाकली. शेवटचे पान वडिलांचे. त्यांचा हात एका पानावरून दुसऱ्या पानावर जात होता. तात्यांना राहवले नाही. “दादा, दश्शी असेल तर टाक की!” ते म्हणाले. वडिलांनी मान वर केली नाही; दश्शी टाकली. आई आणि काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आजीने तो हात मेंढीसकट आपल्याकडे ओढला आणि म्हणाली, “बोललास, हात गेला. चल, उतारी माझी.” तो डाव ते दोघे हरले. कुणी तक्रार केली नाही.

बांधाचा प्रश्न अजून मिटलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पत्त्यांनी तंटे मिटतात असे माझे म्हणणे नाही. घरातले नियम वरवर विचित्र दिसले तरी त्यांच्यामागे कुणाची तरी अडचण असते, एवढेच मला कळले. वसतिगृहातल्या मैत्रिणींची मी नंतर क्षमा मागितली. तिथे आता त्यांच्या नियमांनी खेळते.

हे सारे लिहून काढते असे आजीला सांगितले, तेव्हा तिला ते फारसे रुचले नाही. वाटणीच्या कागदावर तिने अंगठा दिला होता, आणि तिच्या मते भांडण त्या कागदापासूनच सुरू झाले. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. माझ्या लिहिण्यावर तिचा विश्वास अजून बसायचा आहे. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “लिही. पण हे आपल्या घरचं आहे, असंही लिही. दुसऱ्याच्या घरी त्यांचं.”

तसे लिहिले आहे.

(द्वितीय वर्ष, कला)