पुढच्या सीटवरची ज्वारी

डिकी कांद्यानं भरली, म्हणून ज्वारीची गोणी पुढच्या सीटवर ठेवली. राहुरी मागं पडली नाही तोच गाडी टिंगटिंग करायला लागली. मागून आई म्हणाली, "अरे, हिला गप कर की." सीटमध्ये वजन ओळखणारा सेन्सर असतो, त्याला ज्वारी आणि जावई यांतला फरक कळत नाही. शेवटी गोणीला पट्टा बांधला.

१ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना पुढच्या दोन्ही सीटांच्या पट्ट्याची ही आठवण, रिव्हर्स घेताना वाजणारा सेन्सर आणि वेगाचा इशारा सक्तीचा झाला. ताशी ८० किलोमीटरच्या पुढं अधूनमधून, १२०च्या पुढं अखंड. आमच्या नगर-मनमाड रस्त्यावर हा वेगाचा आवाज क्वचितच ऐकू येतो. खड्डे त्याच्या आधीच काम उरकतात.

पट्ट्याचा आवाज मात्र लोकांना इतका नकोसा, की खाचेत नुसतं बक्कल अडकवून त्याचं तोंड बंद करतात. ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री कार अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर सरकारची नजर या बकलांकडं वळली. मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना ती विक्रीतून काढायला लावली. १३,११८ नोंदी उतरल्या. पट्टा लावायला दोन सेकंद लागतात, पण तो चुकवायला आपण पैसे मोजत होतो!

भाच्याची नवी गाडी आणखी बोलकी. पुढं रडार, काचेमागं कॅमेरा. डावीकडून मोटारसायकल घुसली की धडक होईल म्हणून ओरडते. इंडिकेटर न देता खड्डा चुकवला की लेन सोडली म्हणून ओरडते. विळद घाट येईपर्यंत कोणता आवाज कशाचा, हेच कळेनासं होतं आणि नजर रस्ता सोडून डॅशबोर्डवर जाते. वैतागून त्यानं दोन्ही इशारे बंद केले.

लेनचा बंद केला, त्याबद्दल मी बोलणार नाही. पांढरे पट्टेच पुसलेले, तर कॅमेरा तरी काय वाचणार? पण धडकेचा इशारा बंद करू नये. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्तेसुरक्षा संस्थेच्या अभ्यासात, नुसता इशारा देणाऱ्या गाड्यांचे पुढच्या वाहनाला मागून ठोकण्याचे अपघात २७ टक्क्यांनी कमी निघाले, आपणहून ब्रेकही लावणाऱ्यांचे ५० टक्क्यांनी. आणि आपल्याकडं गळीत हंगामात, रात्री, मागं लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली समोर असते. रडारला बघायला उजेड लागत नाही. मला लागतो, आणि आता चष्माही.

केडगावला बहिणीकडं गोणी उतरवली. परत निघालो, गाडी गप्प. आई मागंच बसलेली. माझी गाडी जुन्या नियमातली, मागच्या पट्ट्याबद्दल ती काही विचारत नाही.

"आई, पट्टा लाव."

"गाडी कुठं काय म्हणतीय?" आई म्हणाली.